बाबांचं नाक आत कसं गेलं

१

बाबांना माफी मिळाली. आईने दिली, जिन्यात उभ्या उभ्या, एका हाताने कठडा धरून.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. सध्या माफीबिफी काही नाही. सध्या सकाळ आहे, आई हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात गेली आहे आणि खालच्या खोलीत माझी ताई संगणकासमोर बसून ओरडते आहे.

"नाक! बाबांचं नाक आत गेलं!"

शेजारच्या खोलीत बाबांनी आधी स्वतःचं नाक चाचपलं. ते जागेवर होतं. मग ते पळत आले. मी वरून जिना उतरत आलो. त्या जिन्यात सकाळी आपली सावली छतावर डोकं आपटत चालते, त्यामुळे दिवसाची सुरुवात नेहमीच जरा संशयास्पद होते.

पडद्यावर बाबांचं चित्र होतं. तरुणपणचे बाबा, जाड जाड रंगातले. आदल्या दुपारपर्यंत ते नाक पडद्यातून बाहेर येऊन आपल्या नाकाला लागेल की काय अशी भीती वाटायची. आता त्या जागी खड्डा होता, ओल्या सिमेंटमध्ये कुणी अंगठा दाबावा तसा. गालांच्या घळी झाल्या होत्या. कपाळावर जिथे रंगाचे उंचवटे होते तिथे चर पडले होते.

"रंग तेच आहेत," ताई म्हणाली. "एक ठिपका हललेला नाही. फक्त जे वर होतं ते खाली गेलंय."

"म्हणजे चोरीला नक्की काय गेलं?" मी विचारलं.

ताईने थोडा विचार केला. "जाडी."

बाबा मटकन खुर्चीत बसले. वजन उतरवा म्हणून डॉक्टर ज्यांच्या मागे हात धुऊन लागलेत, त्या माणसाने जाडी गेली म्हणून कपाळावर हात मारलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

तेवढ्यात भावजी, म्हणजे ताईचे यजमान, तोंडात ब्रश धरून आले. पडद्याकडे बघून म्हणाले, "छान झालंय. आधी जरा सुजल्यासारखं वाटत होतं."

आणि आम्हाला पहिला संशयित मिळाला.

२

या गुन्ह्याच्या खाली आणखी एक गुन्हा आहे. आधी तो सांगायला हवा, नाहीतर तुम्हीही आमच्याइतकेच गोंधळाल आणि घरात तेवढ्या खुर्च्या नाहीत.

बाबांची आयुष्यभर लॉन्ड्री होती. डाग दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. पाहुण्यांच्या शर्टावर डाग असला तर ते पाहुण्यांशी बोलत नाहीत, डागाशी बोलतात. लग्नाआधी आईने या माणसाचं तैलचित्र काढलं होतं. ब्रश कमी, सुरी जास्त, लोण्यासारखा रंग थापत. नाकासाठी तिने अख्खी ट्यूब पिळली होती, आणि आमच्या घराण्याचं नाक पाहता ती पुरली कशी हेच नवल. चित्र जिन्याच्या वरच्या वळणावर टांगलेलं असायचं. जागा आईनेच निवडली होती आणि खिळाही तिनेच ठोकला होता.

आता आईचा हात थरथरतो. तिने उचललेला चहा निम्मा बशीतूनच प्यावा लागतो. ब्रश तिने कधीच ठेवून दिला. म्हणजे ते चित्र जगात एकदाच होणार होतं, आणि ते होऊन गेलेलं होतं.

मग दुकान बंद करून बाबा दिवसा घरी राहू लागले, आणि त्यांना त्यावर डाग दिसला.

"नाकाच्या वर, दोन भुवयांच्या मधोमध," बाबा अजूनही तावातावाने सांगतात. "काळा! ओल्या फडक्याने पुसला, जाईना. साबण लावला, जाईना. संध्याकाळी बघतो तर गायब! म्हटलं, वा. सकाळी परत हजर! असा निगरगट्ट डाग मी उभ्या जन्मात पाहिला नाही."

आई तेव्हा तिच्या बहिणीकडे राहायला गेली होती. बाबांमधला लॉन्ड्रीवाला पेटला. त्यांनी दुकान बंद करताना आठवण म्हणून ठेवलेला द्रव काढला, ज्याने कोटावरचं डांबरसुद्धा उतरतं. डाग उतरला. त्याच्या मागोमाग नाक उतरलं, मग मिशी, मग उरलेले बाबा. लोक सकाळी तोंड धुतात. बाबांनी स्वतःचं तोंड कायमचंच धुतलं.

ताई पुस्तकांची मुखपृष्ठं रंगवते, संगणकावर, त्याला जोडलेल्या पाटीवर पेन फिरवून. बाबांनी तिला फोन केला आणि फोनवर नुसते रडले. दुसऱ्या दिवशी ती भावजींना घेऊन माहेरी आली. बेत साधा होता. जुन्या एका फोटोत मागे ते चित्र दिसत होतं. त्यावरून हुबेहूब तसंच जाड रंगाचं चित्र संगणकावर करायचं, कॅनव्हासवर छापून घ्यायचं आणि गुपचूप खिळ्यावर चढवायचं. आईला आम्ही सांगितलं की चित्र चौकट बदलायला दिलंय.

"चौकटवाला जिवंत आहे ना रे?" आई रोज विचारायची.

बाबा रोज घाम पुसायचे. आईला कळलं असतं तर ती चिडली नसती, ओरडलीही नसती. ती फक्त त्या रिकाम्या भिंतीकडे बघत बसली असती. आम्हा सगळ्यांना भीती त्या बघण्याची होती.

आता जाडीबद्दल. सपाट पडद्यावर जाड रंग येतच नाही. ताई जाडी करत नाही, जाडीची अफवा पसरवते. तिचा प्रत्येक फटकारा दुहेरी असतो. एक रंगाचा आणि त्याच्या पाठीला चिकटलेला एक करडा. रंग जिथे उंच, तिथे करडा उजळ. रंग जिथे खोल, तिथे करडा काळपट. सुरी उचलताना रंगाचं जे टोक उठतं तेही त्यात येतं, आणि फटकाऱ्याच्या कडेला रंग ढकलला जाऊन जो बांध होतो तोही. खरा पोत यावा म्हणून तिने पुठ्ठ्यावर सुरीने टूथपेस्ट थापून, एका बाजूने दिवा धरून फोटो काढले आणि त्यातून ब्रश बनवले. बाबांच्या दोन्ही गालांत आमच्या घरची टूथपेस्ट आहे. मग सॉफ्टवेअर विचारतं, दिवा कुठे ठेवू? पडद्याच्या कोपऱ्यात एक गोल असतो, त्यात एक ठिपका. ठिपका म्हणजे दिवा. दिव्याकडची कड चमकते, पलीकडे सावली पडते आणि डोळा फसतो. डोळ्यासारखा भोळा माणूस आमच्या घरात दुसरा नाही.

ताईने त्या गोलाकडे पाहिलं. तिचा ठिपका नेहमी वर, डावीकडे असतो. आता तो तळाला होता.

"एवढंच?" ती हसली. ठिपका वर नेला. नाक टुणकन बाहेर आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. कान तेवढे रंगवायचे राहिले होते, ते करून फाइल पाठवायची असं ठरलं.

दुपारी सगळे झोपलो. उठून पाहिलं तर ठिपका तळाला आणि नाक पुन्हा आत.

३

"पासवर्ड घाल," भावजी म्हणाले.

ताईने घातला. ताई पासवर्ड टाकताना प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तो सगळ्या घराला पाठ झाला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या झोपेनंतर नाक तिसऱ्यांदा आत गेलेलं होतं.

शिवाय चित्राबाहेरच्या कोऱ्या समासात एक रेघ सापडली. छोटी, नागमोडी, उगीचच ओढलेली. जणू कुणी पेन चालतं का ते बघितलं होतं.

बाबांनी आत्याला बोलावलं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती लिफ्ट तपासते. म्हणजे खरोखरच, पगारावर. इमारतीइमारतीत जाऊन लिफ्ट सुरक्षित आहेत की नाहीत ते बघते. तिचा कशावरच विश्वास नाही. ती आमच्या घरात जमिनीवर पाय ठेवतानासुद्धा आधी दाबून बघते.

"दादा, मला सगळं माहीत असलंच पाहिजे," ती म्हणाली. बाबांनी डागापासून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. फक्त एकदा तिने थांबवलं. "संध्याकाळी डाग जायचा?"

"अगं, जायचा म्हणजे, पार नाहीसा!"

"आणि सकाळी?"

"हजर! नोकरीला असल्यासारखा!"

आत्याने मान हलवली आणि पुढे काहीच बोलली नाही. तिच्या अशा गप्प बसण्यामुळे बऱ्याच इमारतींचे रहिवासी जिने चढतात.

तेवढ्यात आई दवाखान्यातून आली. खोलीत चार माणसं, मध्ये संगणक, आणि त्यावर ताईने घाईघाईने टाकलेला टॉवेल.

"वन्सं! आज इकडे कुठे?" आई म्हणाली.

आमची पाचावर धारण बसली. आत्या मात्र शांत. "लिफ्ट तपासायला आले, वहिनी."

आमच्या घराला लिफ्ट नाही. घर दोन मजल्यांचं आहे.

आईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. चहात साखर घालू ना?"

"अर्धा चमचा."

आई स्वयंपाकघरात गेली. बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "वाचलो! किती भोळी आहे बिचारी."

आत्या दाराकडे बघत राहिली.

४

आत्याने साक्षी सुरू केल्या. जागा: जेवणाचं टेबल. आवाज: हळू, कारण आई पलीकडे कपाटं आवरत होती.

"जावईबापू, दुपारी कुठे होता?"

"झोपलो होतो."

"साक्षीदार?"

"घोरत होतो. सगळ्यांनी ऐकलं असेल."

"हेतू होता तुम्हाला. नाक सुजल्यासारखं दिसतं म्हणालात."

भावजी गडबडले. "आत्या, सासऱ्यांचं नाक आत घालायला मी काय वेडा आहे? मला फक्त संगणक अद्ययावत ठेवायची सवय आहे. मी रोज दुपारी येऊन अपडेट करतो."

"म्हणजे तुम्ही रोज दुपारी त्या खोलीत जाता."

"जातो, पण..." भावजी थांबले. "झोपायच्या आधी."

ताईने नवऱ्याकडे असं पाहिलं की एखादा कच्चा माणूस तिथेच अपडेट झाला असता.

"अपडेटने दिवा हलतो का गं?" आत्याने तिला विचारलं.

"नाही. आणि हलला तरी परत माझ्या मूळ जागी येईल, वर डावीकडे. सॉफ्टवेअर तसंच देतं, मी कधी बदललेलंच नाही. तळाला दिवा कुणी ठेवत नाही आत्या. आपण जन्मल्यापासून उजेड वरून येताना बघतो. खालून दिवा लावला की डोळा उलटा वाचतो. टेकडीचा खड्डा होतो."

"मग तू वर डावीकडेच का ठेवलास?"

"म्हणजे काय? सगळे तिथेच ठेवतात."

"आईच्या चित्रात उजेड कुठून होता?"

"फोटो फ्लॅशचा आहे. समोरून सगळं सपाट. उजेड कळतच नाही त्यात. पण ते खऱ्या रंगाचं चित्र होतं ना आत्या, त्यात उजेड रंगवावा लागत नाही. खोलीत असेल तो पडतो."

"हं," आत्या म्हणाली.

मग मी. "तू काय करत होतास?"

"झोपलो होतो."

"त्याआधी?"

"झोपायची तयारी."

"पटतं," ती म्हणाली, आणि मला संशयितांतून वगळलं. मला थोडा अपमान वाटला.

शेवटी बाबा. बाबांनी बसायच्या आधीच सांगितलं, "मी झोपलो होतो आणि मीच केलं."

"दादा, दोन्ही जमत नाही."

"मग फक्त मीच केलं असं धर. एकाच माणसाने दोन गुन्हे केले तर घरात गुन्हेगार तरी एकच राहील."

सगळ्यांची साक्ष एकच होती: झोप. भावजींकडे संधी होती पण कारण नव्हतं. ताईकडे कौशल्य होतं पण ती स्वतःचंच काम कशाला बिघडवेल? बाबांकडे कबुली होती आणि बाकी काहीच नव्हतं.

"आता सगळ्यांनी पेन धरा," आत्या म्हणाली. "रेघ ओढायची."

५

ताईची रेघ गेली ती केसासारखी. भावजींची पट्टीने ओढल्यासारखी. माझी वाटेत कंटाळून संपली.

बाबांनी पेन घेतलं. त्यांची रेघ थरथरली. वर, खाली, नागमोडी.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा? तुम्ही? का?"

"मला काय माहीत!" बाबा ओरडले. "मला वाटलं मी नाही केलं! झोपेत केलं असेल का गं? डाग दिसला असेल झोपेत?"

समासातली रेघ आणि बाबांची रेघ शेजारी शेजारी ठेवली. मी तिकडे बघत होतो आणि मला खरंच कळेनासं झालं. माझे वडील झोपेत चालत येतात, पासवर्ड टाकतात, स्वतःचं नाक आत ढकलतात आणि परत जाऊन घोरतात. घोरणारे भावजी होते की बाबा? आता कुणाचंच काही खात्रीचं राहिलं नव्हतं. मी स्वतःचं नाक चाचपलं.

"दादा," आत्या म्हणाली, "तुझी रेघ सुरुवातीला फार हलते आणि पुढे सरळ होत जाते. ही भीती आहे. मी बघतेय म्हणून. ही दुसरी बघ. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच हलते. हिला कुणाची भीती नाही."

"मग ही कुणाची?"

आत्या उठली. "आधी ती लिफ्ट बघू."

"आत्या, लिफ्ट नाहीये आपल्याकडे," मी हळूच आठवण करून दिली.

"जिना तर आहे. घरातलं छापायचं यंत्रबिंत्र चालू आहे ना, जावईबापू? चित्राच्या दोन प्रती काढा. एक नाक बाहेर असलेली, एक आत गेलेली. आणि मला टूथपेस्ट द्या."

६

दुपार होती. जिन्यात आम्ही एकामागोमाग एक चढलो, आणि आमच्या सावल्या आमच्याही वर, छताला चिकटून चढल्या.

"हे तुमच्या लक्षात येत नाही का कधी?" आत्या म्हणाली.

"येतं की," मी म्हटलं. "आमच्याकडे असंच असतं."

जिन्याच्या मधल्या वळणावर एक खिडकी आहे, अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीवर. तिच्या बाहेर शेजाऱ्यांच्या शेडचा पत्रा. दिवसभर ऊन त्या पत्र्यावर आपटून खिडकीतून आत, आणि वर येतं. रिकामा खिळा त्या खिडकीच्या बराच वर होता.

आत्याने खिळ्याच्या दोन बाजूंना दोन्ही कागद चिकटवले. मग टूथपेस्टचा एक मोठा गोळा सुरीने मधोमध भिंतीवर थापला, नाकाएवढा. आमच्या घराण्याच्या नाकाएवढा. पेस्ट संपली.

"दादा, इथे बघ. गोळ्याच्या वर काय आहे?"

बाबांनी चष्मा सारखा केला. पुढे वाकले. आणि त्यांचा हात आपोआप खिशातल्या रुमालाकडे गेला.

"डाग!" ते म्हणाले. "हाच तो! हाच मेला तो!"

"सावली आहे ती. उजेड खालून येतो, सावली वर पडते. संध्याकाळी वरची ट्यूब लागली की ती खाली मिशीत जाते, म्हणून तुला वाटायचं गेली. तू सावली धूत होतास, दादा."

बाबा जिन्याच्या पायरीवर बसले. इतकी वर्षं डागांवर जगलेला माणूस, आणि आयुष्यात हरला तो एका सावलीपुढे.

पण ताई त्यांच्याकडे बघत नव्हती. ती कागदांकडे बघत होती.

"थांबा," ती म्हणाली. "हे काय आहे?"

मीही बघितलं. डावीकडचा कागद, आमचा, योग्य, नाक बाहेर असलेला, भिंतीवर मेल्यासारखा दिसत होता. रंग चिकटपट्टीसारखा सपाट. आणि उजवीकडे, पडद्यावर खड्डा दिसणारे बाबा, नाक, गाल, कपाळ घेऊन भिंतीतून बाहेर आले होते. टूथपेस्टचा गोळा आणि ते नाक सख्खे भाऊ वाटत होते. दोघांची सावली एकाच दिशेला.

"कुणी बिघडवलं नव्हतं," ताई हळूच म्हणाली. "कुणीतरी दुरुस्त करत होतं."

"आता विचार करा," आत्या म्हणाली. "या भिंतीवर उजेड खालून येतो हे कुणाला माहीत होतं? तुला नाही, तू फोटोवरून केलंस. दादाला असतं तर त्याने तोंड धुतलं नसतं. जावईबापू घोरतात. हा," म्हणजे मी, "रोज छतावर सावली बघतो आणि म्हणतो, आमच्याकडे असंच असतं. रेघ सारखी थरथरते. आणि मी लिफ्ट नसलेल्या घरात लिफ्ट तपासायला आले म्हटल्यावर ज्याला काहीच माहीत नाही तो माणूस विचारतो, कुठली लिफ्ट? तो साखर विचारत नाही."

खालच्या पायरीवर कप खणखणला.

७

आई उभी होती. एका हातात कप, निम्मा चहा बशीत.

"वन्सं, तुमचा चहा निवतोय," ती म्हणाली.

बाबा उभे राहिले, परत बसले, परत उभे राहिले. लिफ्टसारखे.

"कधीपासून माहीत आहे, वहिनी?" आत्याने विचारलं.

"बहिणीकडून आले त्याच दिवसापासून. दारातच तो लॉन्ड्रीचा वास. मी वर आले तर भिंत रिकामी. आणि हे," तिने बाबांकडे बोट दाखवलं, "चौकटीला दिलंय म्हणाले, आणि यांच्या नखांत माझा गुलाबी रंग."

बाबांनी हात पाठीमागे नेले. आता उपयोग नव्हता.

"मग बोलली का नाहीस?" ताई म्हणाली.

"बोलले असते तर तू थांबली असतीस. रोज दुपारी सगळे झोपलात की मी खाली येऊन बघायची. इतकं बारीक काम करतेस हे मला माहीत नव्हतं. मुखपृष्ठं म्हणजे मला वाटायचं, चिकटवाचिकटव." आईने कप कठड्यावर ठेवला. "सगळं बरोबर होतं. गाल बरोबर, मिशी बरोबर. नाक तर माझ्यापेक्षा बरं. फक्त उजेड चुकला होता. मग मी तो ठिपका खाली ओढला. पहिल्यांदा पेन चालतं का ते बघितलं. चालतं. माझ्या हातातसुद्धा ठिपका ओढता येतो. ठिपक्याला हात हलल्याचं कळत नाही."

"पण पडद्यावर खड्डा दिसत होता, आई!"

"मी पडद्यावर कुठे टांगणार होते? चित्र खोटं असलं तर चालेल गं. उजेड खोटा नको."

बाबा खाली उतरून तिच्या समोर उभे राहिले. नाक खाली घालून. म्हणजे मान खाली घालून, पण आमच्यात ते एकच.

"मला डाग वाटला," ते म्हणाले.

आईने एका हाताने कठडा धरला आणि दुसऱ्या, थरथरत्या हाताने बाबांच्या भुवयांच्या मधोमध, जिथे खरोखरच छोटीशी सावली पडली होती, अंगठा फिरवला. पुसल्यासारखा.

"जात नाही," ती म्हणाली. "राहू दे."

ही माफी. सुरुवातीला तुम्ही वाचली नव्हती तीच.

८

कॅनव्हास छापून आला. छापलेलं चित्र हाताला सपाटच लागतं, म्हणून त्यावर पारदर्शक जेल लावायचं असतं, फटकाऱ्यांच्या दिशेने, म्हणजे खरा उजेड पकडायला खरे उंचवटे मिळतात. ताईने जेलची बरणी उघडली, ब्रश बुडवला आणि आईपुढे धरला.

"माझा हात हलतो," आई म्हणाली.

"हलू दे. सरळ हाताने लावलं की वार्निश दिसतं. मी महिनाभर हे हलणं संगणकात करायला बघतेय."

आईने नाकापासून सुरुवात केली. तिने बरणी संपवली. ताईने दुसरी उघडली. भावजींनी विचारलं की आता सुजल्यासारखं तर नाही ना दिसणार, आणि त्यांना बाहेर पाठवलं.

चित्र आता जिन्यात आहे. दिवसा ते नाक इतकं बाहेर येतं की वर जाताना आपण जरा भिंतीपासून लांब चालतो. अडचण एकच राहिली. सूर्य मावळला आणि वरची ट्यूब लावली की छापलेला उजेड खालून, खरा उजेड वरून, आणि बाबांचं नाक आत जातं. म्हणून आईने ट्यूब काढून टाकली. संध्याकाळनंतर आम्ही जिना अंधारात चढतो. आत्या म्हणते हा जिना असुरक्षित आहे, आणि तसं तिने आम्हाला तिच्या खात्याच्या भाषेत तोंडी कळवलंय. बाबा आतापर्यंत अनेकदा धडपडले. आईपुढे ट्यूबचा विषय काढायची त्यांची हिंमत नाही. शेवटी त्यांनी थेट वरच अर्ज केला. तो मीच लिहून दिला आणि खिडकीत, पत्र्याकडे तोंड करून चिकटवला. तो असा:

प्रति,
माननीय सूर्य महोदय,
मुक्काम शेजारचा पत्रा.

विषय: मावळण्यास पुढील आदेशापर्यंत स्थगिती मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून नम्र निवेदन की, आपण दररोज कोणतीही पूर्वसूचना न देता मावळता, त्यामुळे अर्जदाराचे नाक दिसेनासे होते व अर्जदार जिन्यात पडतो. सदर नाक अर्जदाराच्या पत्नीने दोन वेळा केले असून तिसऱ्यांदा करण्यास तिला सांगण्याचे धाडस अर्जदारात नाही. यापूर्वी आपल्या सावलीस डाग समजून अर्जदाराने जो गैरव्यवहार केला, त्याबद्दल अर्जदार दिलगीर आहे. घरच्यांनी तो माफ केलेला आहे, आपणही करावा. तरी आपण सध्या ज्या जागी आहात, तेथेच, त्याच उंचीवर, कायमस्वरूपी राहण्याची कृपा करावी, व तसे लेखी कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
नाकाचा मालक